वासाच्या मागावर

पिकलेल्या हापूसच्या वासात फ्युरॅनिऑल आणि मेसिफ्युरॅन या दोन रसायनांचा मोठा वाटा असतो. कच्च्या कैरीत ती नसतात, फळ पिकू लागलं की दिसायला लागतात. स्ट्रॉबेरीच्या वासातही हीच दोन रसायनं असतात. स्ट्रॉबेरीत फ्युरॅनिऑल कोणतं एन्झाइम बनवतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटाने येनाच्या माक्स प्लांक संस्थेबरोबर हापूसमधलं तसंच जनुक शोधलं आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केलं. त्या एन्झाइमचा क्रम स्ट्रॉबेरीतल्या एन्झाइमशी ७२ टक्के जुळला, टोमॅटोशी ७३ टक्के आणि काकडीतल्या एका एन्झाइमशी तर ७९ टक्के.

या एका शोधात दोन कामं आहेत. फळात कोणती छोटी रसायनं, किती आणि केव्हा आहेत ते मोजणं हे मेटाबोलॉमिक्स. कोणतं जनुक कोणाशी जुळतं आणि मोजलेल्या आकड्यांच्या ढिगातून खरं काय, हे संगणकावर शोधणं म्हणजे बायोइन्फर्मेटिक्स. आज बहुधा एकाच माणसाला ही दोन्ही कामं करावी लागतात. तो काय करतो, हे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर पाहू.

समजा प्रश्न असा आहे: महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या एकाच शेतातल्या कामारोझा आणि विंटर डॉन या दोन वाणांच्या वासात फरक का? रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लागली, डिसेंबरपासून तोडा सुरू झाला. संशोधक सकाळी वाफ्यांवर पोचतो. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच, पुढच्या महागड्या यंत्रात नाही. फळ तोडलं तरी ते जिवंत असतं, आतली एन्झाइमं चालूच असतात. चिरडलं तर काही सेकंदांत हेक्सॅनलसारखी हिरव्या गवताच्या वासाची रसायनं तयार होतात, मग आपण फळाचा वास मोजतो की जखमेचा, ते कळत नाही. म्हणून फळ तोडल्या तोडल्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातं. फळं सारख्याच पिकलेपणाची, सारख्याच वेळी तोडलेली हवीत. शिवाय एका झाडाची सहा फळं आणि सहा झाडांचं एकेक फळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आपल्याला एकाच झाडाबद्दल कळतं. हे गणित शेतात जाण्याआधी करायचं असतं, नंतर कोणतंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करू शकत नाही.

प्रयोगशाळेत गोठलेल्या फळाची पूड करतात आणि थोडी पूड बंद कुपीत घालतात. कुपी किंचित तापवली की वास वरच्या हवेत येतो, तो एका बारीक लेपलेल्या तंतूवर शोषून घेतात आणि तंतू गॅस क्रोमॅटोग्राफच्या तोंडात तापवून मोकळा करतात. पुढे साधारण तीस मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी असते. भट्टीचं तापमान चढत जातं तशी रसायनं एकेक करून, आपापल्या वेळेला नळीतून बाहेर पडतात. बाहेर इलेक्ट्रॉनांचा मारा त्यांचे तुकडे करतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांची वजनं नोंदवतो. साखर, आम्लं आणि रंगद्रव्यं उडून जाणारी नसतात, त्यांच्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात. फ्युरॅनिऑल पाण्यात सहज विरघळतं, हवेत यायला नाखूश असतं, त्यामुळे या वाटेने ते खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. अशा खोडी संशोधकाला माहीत असाव्या लागतात.

यंत्र एका कुपीमागे एक फाइल देतं आणि इथून काम संगणकावर जातं. फाइलमध्ये नावं नसतात, फक्त वेळ, वजन आणि उंची यांची शिखरं असतात, कधी काही हजार. आज दहाव्या मिनिटाला आलेलं शिखर उद्या दहा मिनिटं चार सेकंदांनी येतं. ती सगळी एका रांगेत आणायला २००६ साली आलेलं एक्ससीएमएस हे मोफत सॉफ्टवेअर अजून सर्रास वापरतात. मग झाडझूड. रिकाम्या कुपीतही जी शिखरं दिसतात ती फळाची नव्हेत, प्लास्टिकमधले थॅलेट आणि नळीच्या लेपातले सिलॉक्सेन तिथे हटकून हजेरी लावतात. सगळ्या नमुन्यांचं थोडं थोडं मिश्रण करून ते दर काही कुप्यांनंतर यंत्रात घालतात. त्याचा आकडा घसरत गेला तर यंत्र थकलंय, फळ बदललेलं नाही.

नाव देणं ही सगळ्यात अवघड पायरी. फ्युरॅनिऑलचं वजन १२८. डांबराच्या गोळीतल्या नॅफ्थलीनचंही १२८. जास्त बारकाईने मोजणाऱ्या यंत्रावर पहिलं १२८.०४७ आणि दुसरं १२८.०६३ येतं, तुकड्यांची नक्षीही वेगळी पडते. तरी खात्री तेव्हाच, जेव्हा बाजारातून शुद्ध फ्युरॅनिऑल आणून त्याच यंत्रात सोडलं आणि तेही त्याच वेळी, तसंच तुटून बाहेर आलं. या शाखेत २००७ साली ओळखीच्या खात्रीचे चार स्तर ठरवले गेले. शुद्ध नमुन्याशी जुळलेलं ते पहिल्या स्तरावर, काहीच न कळलेलं चौथ्यावर. २०१५ सालच्या एका गाजलेल्या लेखात सरसकट शोधमोहिमेतल्या सुमारे दोन टक्केच स्पेक्ट्रमना नाव देता येतं असं मांडलं होतं. साधनं तेव्हापासून सुधारली आहेत, पण शोधनिबंधात खालच्या स्तराला पहिल्या स्तराचा तोरा दिलेला आजही दिसतो. कोणत्याही निबंधात मी आधी हा स्तर शोधतो.

मग संख्याशास्त्र. तीन हजार शिखरांची दोन वाणांत तुलना केली आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही दीडशेच्या आसपास शिखरं ‘वेगळी’ ठरतात. यावर १९९५ पासून बेंजामिनी-हॉखबर्ग यांची दुरुस्ती आहे, ती न लावता काढलेली यादी फेकून द्यायची.

उरलेली रसायनं केग या १९९५ साली जपानमध्ये सुरू झालेल्या नकाशासंग्रहावर ठेवतात, म्हणजे कोण कोणापासून बनतं ते दिसतं, आणि तिथून जनुकांकडे जातात. इथे कामारोझा निवडल्याचा फायदा होतो. लागवडीच्या स्ट्रॉबेरीचा पहिला सविस्तर जीनोम २०१९ साली आला तो याच वाणाचा. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, कामारोझात मात्र सुमारे १,०८,०००, कारण लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात. एकाच एन्झाइमच्या इतक्या प्रतींमधली कोणती प्रत फळ पिकताना काम करते, हा प्रश्न सुटायला महिने जातात.

हापूसमध्ये सापडलेलं जनुक फळ पिकताना काम करतं का, याचं उत्तर वेळापत्रकाने दिलं. फळ उतरवल्यानंतर दहाव्या दिवशी ते जनुक सर्वांत जोरात होतं आणि फ्युरॅनिऑल-मेसिफ्युरॅन सर्वाधिक होती पंधराव्या दिवशी. आधी जनुक, मग वास. तेवढ्यावर न थांबता संशोधकांनी ते जनुक जिवाणूत घातलं, एन्झाइम शुद्ध केलं, त्याला फ्रुक्टोजचं एक फॉस्फेट दिलं आणि फ्युरॅनिऑल तयार झालेलं पाहिलं. संगणकाने सुचवलेलं परीक्षानळीत सिद्ध झालं तरच ते ज्ञान, नाहीतर फक्त जुळणारे आलेख.

या कामाकडे जायची वाट सातारा-वाईच्या मुलामुलींसाठी फार आडवाटेची नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा संगणकशास्त्रातली बीएस्सी चालते. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र १९८७ पासून आहे, एनसीएल आणि आयसर पुण्यातच आहेत. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरावीत. नंतरची पोस्टडॉकची वर्षं हा खरा कस. करार दोन-तीन वर्षांचे, गाव बदलत राहतं आणि घरी ‘नोकरी कायम कधी’ हा प्रश्न सुटीगणिक येतो. कायमच्या जागा मोजक्याच असतात, हे सुरुवातीलाच माहीत असलेलं बरं. पण मास स्पेक्ट्रोमीटर चालवता येणारा आणि पायथन किंवा आर मध्ये प्रोग्रॅम लिहिता येणारा माणूस औषध कंपन्या, बियाणं कंपन्या आणि अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांना हवा असतो.

अन्नतपासणीचं काम किती बारीक असतं, ते मधात दिसतं. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेची भेसळ कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. भात मात्र प्रकाशसंश्लेषणाच्या बाबतीत मध देणाऱ्या बहुतेक फुलझाडांच्याच गटातला, त्यामुळे तांदळाचा पाक ती चाचणी चुकवून जातो. म्हणून एनएमआर या चुंबकीय तंत्राने मधाचा सगळा रासायनिक ठसा घेऊन तो अस्सल नमुन्यांच्या संग्रहाशी ताडतात. भारतातून निर्यात होणाऱ्या काही मधासाठी ही चाचणी २०२० साली सक्तीची झाली. ती बरोबर चालायची तर संग्रहात जांभळाचा, कारवीचा मध आधी असायला हवा. नसेल, तर मांघरच्या, म्हणजे २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालेल्या महाबळेश्वर तालुक्यातल्या गावाच्या, अस्सल मधाचा ठसाही अनोळखी दिसेल. सातेरी मधमाश्यांच्या मधाचे नमुने ऋतूवार, फुलोऱ्यावार गोळा करून असा संग्रह बांधणं हे एका पीएचडीपुरतं भरपूर काम आहे.

एमएस्सीची उन्हाळी सुटी मोकळी असेल, तर यंत्राशिवायही सुरुवात होते. मेटाबोलाइट्स आणि मेटाबोलॉमिक्स वर्कबेंच या सार्वजनिक भांडारांत इतरांच्या प्रयोगांच्या मूळ फाइली फुकट मिळतात. एखाद्या फळाचा संच उतरवून घ्यावा, एक्ससीएमएसमधून काढावा आणि प्रसिद्ध निबंधातला आलेख स्वतः पुन्हा काढून पाहावा. तो पहिल्या फटक्यात सहसा जुळत नाही, आणि का जुळला नाही हे शोधण्यात सुटी संपते.