दारू सोडू पाहणाऱ्याने बैठक शोधावी कशी?

व्याख्यान संपल्यावर मंडपाबाहेर जे आम्हाला गाठतात, त्यांतले पुष्कळजण आवाज खाली आणून "एका मित्रासाठी विचारतो" अशी सुरुवात करतात. विषय दारूचा असला की हा मित्र हटकून असतो. दारूचे दुष्परिणाम त्यांना आमच्याकडून ऐकावयाचे नसतात; ते त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक असतात. त्यांना हवा असतो पत्ता. दारू सोडलेली माणसे जेथे एकत्र बसतात, ती बैठक भरते कोठे? वैनगंगेच्या धरणाकाठच्या गोसीखुर्दहून आलेल्या माणसाने हे विचारले, तर त्याला काय सांगावे?

ही अडचण नवी नाही. किंबहुना ती या संस्थेइतकीच जुनी आहे. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ अमेरिकेतील अॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फसले. दारू सोडून थोडेच महिने झाले होते, आणि हॉटेलच्या दालनात एका अंगाला दारूचा गुत्ता होता. त्याने दुसऱ्या अंगाचा टेलिफोन गाठला आणि गावातल्या पाद्र्यांची यादी पाहून फोन करावयास सुरुवात केली : मला एखाद्या दारुड्याशी बोलावयाचे आहे. अखेरीस त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही, असे बजावून आलेले डॉक्टर काही तास बसले. 10 जून 1935 हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानतात, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा, म्हणजे निनावी मद्यपींच्या संघटनेचा, स्थापनादिन होय. मुंबईत हे काम 1957 पासून सुरू झाले. आज नागपुरातही अशा बैठका भरतात.

बैठकीस वर्गणी नाही आणि प्रवेशअर्ज नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. कोणी उपदेश करीत नाही. एकेकजण आपलीच हकीगत सांगतो आणि बाकीचे ऐकतात. परमेश्वराचे नाव निघते, परंतु त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावयाचा असतो. आपल्या विदर्भात सामुदायिक प्रार्थनेला बसण्याची सवय गावोगाव आहे. त्यामुळे एकत्र बसणे कोणाला परके वाटू नये.

घोटाळा होतो तो नावाच्या गुप्ततेमुळे. जी मंडळी नाव झाकून ठेवतात, ती दारावर मोठी पाटी कशी लावणार? बैठक शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत किंवा इस्पितळात भरते, आणि खोली बदलली की जुना पत्ता फुकट जातो. म्हणून आधी फोन करावा. सरकारची व्यसनमुक्तीसाठी 14446 ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. मनाच्या आजारांसाठी 2022 पासून 14416 ही 'टेलिमानस' सेवा आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात ज्याने उपचार घेतले असतील, त्याने निघतानाच आपल्या बाजूच्या पाठपुराव्याच्या बैठका विचारून घ्याव्यात. वार, वेळ, भाषा आणि पहिल्या दिवशी दारात भेटणारा कोणी आहे का, हे चारही विचारावे. बैठका बहुधा संध्याकाळी असतात. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे पवनीकडे येणारी शेवटची एस.टी. केव्हा सुटते, हे ठाऊक नसलेला मनुष्य बैठकीत घड्याळाकडेच पाहत बसतो.

एक गोष्ट मात्र बैठकीच्याही आधीची. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने निश्चयाच्या भरात एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके, भ्रम असे प्रकार होऊ शकतात आणि त्यांत प्राणही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक.

जवळचे ठिकाण बरे की दूरचे? लहान गावात कोण कोठे गेला, हे तो घरी पोहोचण्याआधी घरी पोहोचते. सुरुवातीला लांबच जावे, असे आमचे मत आहे. 2020 च्या साथीपासून टेलिफोनवर व मोबाइलच्या पडद्यावरही बैठका होऊ लागल्या आहेत. प्रवास न परवडणाऱ्याला त्या मोलाच्या आहेत. परंतु शेजारी बसलेल्या माणसाची सर त्यांना येत नाही.

पुष्कळदा विचारायला येते ती पत्नी किंवा आई. तिने नवरा वा मुलगा तयार होण्याची वाट पाहू नये. कुटुंबीयांसाठी 1951 पासून 'अल-अॅनॉन' ही निराळी संघटना आहे. पिणारा पीत असला तरी घरच्यांना तेथे जाता येते. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे.

आणि जवळपास एकही बैठक नसेल तर? अॅक्रनला दोघेच होते. नागपूरच्या बैठकीस काही महिने जाऊन आलेल्या माणसाला आपल्या तालुक्यातला दुसरा एखादा भेटला, की पवनीत एक खोली आणि एक ठरलेला वार पुरतो. वार शक्यतो बाजाराचा धरावा; त्या दिवशी पवनीला का निघालास, असे गोसीखुर्दात कोणी विचारीत नाही.