मामीची सुट्टी

मे महिना लागला, की आमच्या वाशीममध्ये कूलरची घरघर आणि मुलांची भुणभुण एकदमच सुरू होते. "मामाच्या गावाला कधी जायचं?" यंदा माझ्याकडे नणंदेची तिन्ही मुलं आली आहेत. परवा पोळ्या लाटता लाटता धाकटी म्हणाली, "मामी, अजून एक!" आणि माझं लाटणं तिथेच थांबलं. अरेच्चा, आता मीच मामी की! मग मला माझी मामी आठवली. समुद्राकाठची.

हो, वाशीमच्या मुलीला समुद्राकाठचा मामा! शाळेत मैत्रिणींना ते खरंच वाटायचं नाही. त्याचं असं झालं, १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथे बाबा काही वर्षं नोकरीला होते. त्यात ते जवळच्या अंजर्ल्याचे जावई झाले आणि मग आईला घेऊन वाशीमला परतले.

माहेर असं दूर पडल्यामुळे आईला वर्षातून एकदाच जायला मिळे, मे महिन्यात. वाशीमहून अकोल्यापर्यंत मीटरगेजची छोटी गाडी. (तिची ब्रॉडगेज झाली ती २००८ मध्ये.) अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून एसटीने दापोली, मग हर्णैकडची दुसरी एसटी आणि शेवटी जोग नदीच्या खाडीतून होडी. आता तिथे पूल झालाय. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस मोडायचे, पण होडीत पाय ठेवला की सगळा शीण जायचा.

आम्ही पाणी पाहिलेलं ते पद्मतीर्थाचं. नळाला पाणी आलं की घागरी, बादल्या, पातेली, अगदी वाट्यासुद्धा भरून ठेवणारी आम्ही मुलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही?" त्यावर मामा किती हसला होता!

मामाचं आगर होतं, नारळ-पोफळीचं. विहिरीवर रहाट. सकाळी रहाटाचा कुरकुर आवाज यायचा आणि पाटातून पाणी धावायचं. आम्ही मावस-मामे मिळून चौदा पोरं. दिवसभर वाळूत. शिंपले वेचायचे, कुर्ल्यांच्या बिळांत काड्या घालायच्या, ओली वाळू पायावर थापून खोपा करायचा. कड्यावरच्या गणपतीला चढून जायचं आणि तिथून लांब पाण्यातला सुवर्णदुर्ग बघायचा. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालायचा. मामाने एकदा दाखवायला नेलं होतं. त्या गलक्यात कोण काय बोली लावतंय, आम्हा वऱ्हाडातल्या पोरांना काही म्हणता काही कळलं नाही.

आणि मामी? ती घरात. सकाळी चौदा पोरांची घावनं, दुपारी भात, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. मधल्या वेळात आंबापोळ्या उन्हात घालायच्या, कोकमं सुकवायची, पावसाळ्याची बेगमी करायची. आम्ही खारे, ओले, वाळूने माखलेले परत आलो की तिची हाक यायची, "वाळू बाहेरच झटका गो, माजघरात आणू नका!" तरी यायचीच. ती पुन्हा केर काढायची.

एकदा जेवताना मी विचारलं, "मामी, वरणात सांबार नाही घातला?" ती गोंधळली. "वरणात सांबार कशाला गो?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे आईने सांगितल्यावर पदर तोंडाला लावून हसत सुटली. पुढे दर वर्षी तिच्या पत्रात शेवटची ओळ ठरलेली : 'वन्सं, येताना तुमच्याकडची तूरडाळ आणा, आणि सांबारवालीला आणा.'

आणखी एक गोष्ट आठवते. समुद्रावर निघालो, की मामी दारातून वेळ सांगायची. "आज पंचमी. पावणेचारला भरती पूर्ण. त्याआधी वर या." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मला तिने शिकवलं. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, तेही तिनेच सांगितलं. सगळ्या समुद्राचं वेळापत्रक तिच्या डोक्यात! पण इतक्या सुट्ट्यांत ती स्वतः आमच्याबरोबर एकदाही समुद्रावर आली नाही. घरापासून दहा मिनिटांची वाट. आणि हे मला त्या वेळी एकदाही खटकलं नाही, बरं का!

पुढे कॉलेज, लग्न, मुलं. जाणं सुटलं. मामा गेला, मामेभाऊ नोकरीला मुंबईत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, त्यात दापोलीचा किनाराही झोडपला गेला. कितीतरी दिवस फोन लागेना. लागला तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "मी आहे गो. पोफळी गेल्या." पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. पंच्याहत्तरीच्या बाईने पुन्हा रोपं लावावीत?

लावली तिने! २०२२ च्या डिसेंबरात मी गेले, तेव्हा गुडघ्याएवढी झाली होती. आजूबाजूला घराघरांवर पर्यटकांसाठी पाट्या. राहणं अमुक, जेवण तमुक, उकडीचे मोदक सांगितल्यास. मामी पाटी वाचून म्हणाली, "आमच्या वेळी याचे पैसे मिळतात हे ठाऊक नव्हतं!" ती गंमतीने म्हणाली, पण मला ते लागलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं, इंग्लंडात रेल्वे आल्यावर गिरण्यांतले कामगार आठवडाभर समुद्राकाठी ब्लॅकपूलला जायचे. खोल्या भाड्याने देणाऱ्या तिथल्या बायकांना मात्र तोच आठवडा सर्वांत कष्टाचा. जगात कुठेही जा, एकाची सुट्टी म्हणजे दुसरीचा हंगाम. त्या बायकांना निदान भाडं तरी मिळायचं.

त्या संध्याकाळी मी मामीला समुद्रावर नेलं. "लग्न झालं त्या वर्षी तुझ्या मामाबरोबर आले होते," ती म्हणाली. चप्पल हातात घेऊन पाण्यात उभी राहिली. लाट परत गेली तशी माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पायाखालची वाळू सरकते गो!" जी गोष्ट आम्हा पोरांना पहिल्याच दिवशी कळली होती, ती तिला पन्नास वर्षांनी!

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत मी एकदा विचारलं होतं, "तुम्ही सुट्टीला कुठे जाता?" "माहेरी," असं बहुतेकींचं उत्तर. आई गेलेल्या दोघी-तिघी गप्पच राहिल्या. माहेरी गेल्यावर आपल्याला आराम मिळतो तो वहिनीच्या जिवावर, हे मात्र कोणीच बोललं नाही. मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मामीला हट्टाने आठ दिवस वाशीमला आणलं. तुरीची शेतं बघून तिला नवल वाटलं. तिसऱ्याच दिवशी ती भाजी निवडायला बसली. "बसून राहायची सवय नाही गो," म्हणाली. मी ताट काढून घेतलं. तिने परत ओढलं!

यंदा माझ्या घरी मात्र नियम केलाय. ज्याचं ताट त्याने घासायचं, मग तो भाचा असो की यांचे दाजी. संध्याकाळी तासभर ओटा बंद. पहिल्या दिवशी तोंडं वाकडी झाली, आता सवय होतेय. काल मामीचा फोन आला. "भाचरं आली का गो?"

"आली."

"मग त्यांच्याबरोबर तूही जा हो तळ्यावर. नुसती दारातून वेळ सांगू नकोस."