अयुथया : राजश्रेष्ठींची नगरी

बँकॉकहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी दीड-दोन तासांत अयुथया स्थानकात येऊन थांबते. स्थानकासमोरील रस्त्याने थोडे चालले की पासाक नदीचा काठ लागतो आणि छोट्या होडीतून पलीकडे उतरताच प्रवाशाचे पाऊल जुन्या राजधानीत पडते. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्यांनी वेढलेले हे बेट इ. स. १३५१ पासून १७६७ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, सयामच्या राजांचे आसन होते. नगरीचे नाव रामायणातील अयोध्येवरून ठेवलेले. जैन कुटुंबांना अयोध्या म्हटले की प्रथम भगवान ऋषभदेवांचे स्मरण होते; तेच नाव इतक्या दूर, वेगळ्या उच्चारात कानी पडते तेव्हा परकेपणा काहीसा कमी होतो.

बहुतेक पर्यटक प्रथम वाट महाथात या मंदिराकडे वळतात. तेथे एका वृक्षाच्या मुळांनी बुद्धमूर्तीचे मस्तक चहूबाजूंनी कवटाळले आहे. मूर्तीचे धड नाही. केवळ शांत मुद्रेचा चेहरा जमिनीलगत दिसतो. छायाचित्र काढून घेणाऱ्याने खाली बसावे, आपले डोके मूर्तीच्या मस्तकाहून उंच ठेवू नये, असा तेथे दंडक आहे. आवारात शिरच्छेद झालेल्या मूर्तींच्या रांगा आहेत. त्यांच्या मानेमागे उभे राहून स्वतःचे डोके जोडण्याचा चाळाही निषिद्ध आहे. असा फलक लावावा लागतो, हीच खेदाची गोष्ट.

जवळच वाट राचबुराना आहे. १४२४ मध्ये गादीसाठी दोन राजपुत्र हत्तीवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. राज्य तिसऱ्या भावाला मिळाले आणि त्याने दोघांच्या दहनभूमीवर हे मंदिर उभारले. मुख्य शिखराखालच्या तळघरात पुरलेले सोने पाचशे वर्षे सुरक्षित राहिले. १९५७ मध्ये चोरांनी तळघर फोडले. जे परत मिळाले व जे मागे उरले होते ते, रत्नजडित तलवार आणि गुडघे टेकलेला छोटासा सुवर्णगज यांसह, चाओ साम फ्राया संग्रहालयात पाहावयास मिळते. १९६१ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाचा निधी उभारण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तळघरात मातीच्या ठशांच्या पूजापट्टिका मोठ्या संख्येने सापडल्या होत्या. देणगी देणाऱ्या नागरिकांना त्या देण्यात आल्या आणि त्या पैशांतून इमारत उभी राहिली.

परंतु अयुथयेचे मर्म कळते ते राजवाड्याच्या जागी, आणि तेथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. गवतातून डोकावणारे विटांचे जोते, थोडे चौथरे, एवढेच. वाटाडे येथे फारसे थांबत नाहीत. चोखंदळ प्रवाशाने मात्र थांबावे. येथून जो कारभार चाले तो प्रामुख्याने व्यापाराचा होता. ‘फ्रा ख्लांग’ म्हणजे राजाचा खजिना. पण परराष्ट्रव्यवहार, बंदर, जकात आणि राजाची स्वतःची जहाजे हे सारे याच खात्याकडे असे. त्याचे बंदरविषयक दोन विभाग होते. ‘उजवा’ विभाग हिंदुस्थान, इराण व पश्चिमेकडील व्यापार पाही आणि त्याचा प्रमुख मुसलमान असे. ‘डावा’ विभाग चीनकडील व्यापार सांभाळी. त्याचा प्रमुख चिनी असे आणि त्याला जो किताब मिळे त्यात ‘राचसेट्ठी’ हा शब्द होता. तो मूळचा ‘राजश्रेष्ठी’. ज्या श्रेष्ठीपासून मराठीतला ‘शेठ’ आला, तोच हा शब्द सयामच्या दरबारी चिनी व्यापाऱ्याच्या नावापुढे लागत असे.

या बाजारातून हरणांची कातडी जपानला जात. रंगासाठी पतंगाचे लाकूड, कथील, हस्तिदंत आणि जिवंत हत्तीसुद्धा परदेशी रवाना होत. येई ते मुख्यत्वे हिंदुस्थानी कापड. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील छिटांना सयाममध्ये इतकी मागणी होती की, दरबाराच्या पसंतीची नक्षी कोरोमंडलला पाठवून तशीच छपाई करून घेतली जाई. दरबारी मानकऱ्यांना असे वस्त्र दर्जानुसार बहाल होई. या मालाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरावरील मेरगुई व तेनासेरिम या बंदरांत उतरून डोंगर ओलांडत राजधानीत येई.

व्यवहार मात्र मुक्त नव्हता. परदेशी व्यापाऱ्याने आपला माल प्रथम राजाच्या वखारीस दाखवावा, तेथील अधिकाऱ्यांनी हवा तो निवडून घ्यावा आणि उरलेला त्याने बाजारात विकावा, असा परिपाठ होता. ग्राहकही राजा, स्पर्धकही राजा आणि जकात घेणाराही राजा! तरीही पोर्तुगीज, डच, जपानी, चिनी, इराणी सारे येत राहिले, यावरूनच नफ्याची कल्पना यावी. बेटाच्या दक्षिणेस नदीकाठी त्यांच्या वसाहती होत्या. डच आणि जपानी वसाहतींच्या जागी आज छोटी संग्रहालये आहेत. ती निवांत असतात आणि देवळांच्या गर्दीनंतर तेथे बरे वाटते.

राजवाड्यास लागून वाट फ्रा सी सानफेत हे राजघराण्याचे मंदिर आहे. तीन राजांच्या अस्थींवरील तीन घंटाकार स्तूप एका ओळीत उभे आहेत. येथे भिक्षूंचा निवास नसे. राजविधींपुरतीच ही वास्तू होती. तिच्या सभागृहात सुमारे सोळा मीटर उंचीची, सोन्याने मढवलेली उभी बुद्धमूर्ती होती. १७६६ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने नगरीला वेढा घातला, पुढील वर्षी एप्रिलमध्ये तट फुटला आणि आगीत राजवाडा, मंदिरे, दफ्तरे जळाली. मूर्तीचे सोने वितळवून नेण्यात आले. चार शतकांच्या हिशेबाची सयामी बाजू अशी राख झाली; आज त्या व्यापाराचा तपशील पुष्कळसा डच कंपनीच्या कागदपत्रांतून शोधावा लागतो.

उरलेसुरले सयामी लोकांनीच नेले. १७८२ मध्ये बँकॉक राजधानी झाली तेव्हा नवे तट आणि वाडे बांधण्यासाठी अयुथयेच्या विटा होड्यांत भरून नदीने खाली नेण्यात आल्या. राजवाड्याची जागा मोकळी दिसते ती शत्रूइतकीच या गरजेमुळे. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. बुडालेल्या पेढीचे सामान नव्या पेढीत वापरले जातेच.

संध्याकाळ बेटाबाहेर, नदीच्या पश्चिम काठावरील वाट चायवत्थनारामसाठी राखावी. प्रासात थोंग राजाने १६३० मध्ये ख्मेर शैलीत बांधलेले हे मंदिर मावळत्या उन्हात फार देखणे दिसते. बांग पा-इनचा उन्हाळी राजवाडा हाताशी वेळ असला तर पाहावा. तळ्यातला मंडप सुरेख आहे, पण तो १८७६ चा.

जेवणाविषयी एक सूचना. पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरात ‘जे’ लिहिलेली खानावळ शोधावी. तेथील अन्नात मांस, मासे, अंडी नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळांचा नियम मात्र ते पाळत नाहीत, तेव्हा बटाटा, गाजर विचारूनच घ्यावे. इतरत्र निव्वळ भाजीतही माशाचा सॉस पडलेला असतो.

परतीच्या वेळी बँकॉकच्या वाट फो मंदिरात चार उंच स्तूप दिसतात. त्यांतला हिरव्या फरशांनी मढवलेला स्तूप पहिल्या राम राजाने बांधला. सोने ओरबाडलेली ती सोळा मीटरची मूर्ती त्याने अयुथयेहून आणविली होती. दुरुस्तीपलीकडे गेलेली मूर्ती त्याने वितळवली नाही; तिच्याभोवती स्तूप उभारून तो बंद केला. ती अद्याप आतच आहे.