मिळवलेली जागा आणि विकतची जागा

गुगलच्या पानावर दुकानाचे नाव वर यावे म्हणून लहान व्यापारीही आज पैसे मोजतो. पण तेथील जागा दोन प्रकारच्या. एक मिळवलेली: १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी इतर संकेतस्थळांचे दुवे ही साक्ष मानून क्रम लावला. दुसरी लिलावाची: तेथे बहुधा दर टिचकीला पैसे पडतात, गिऱ्हाईक काही घेवो वा न घेवो, पैसे थांबले की जागा गेली. जाहिरातीवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, हा इशारा त्या दोघांनीच १९९८ साली दिला होता. २००० साली गुगलनेही जाहिराती सुरू केल्या. आम्ही कामगार चळवळीत हेच शिकलो: भाड्याची गर्दी सभेपुरती, सभासद टिकतो. म्हणून आधी मालाची खरी, नेमकी माहिती लिहा, जाहिरात मागाहून.