'विकले गेले!' म्हणण्याआधी...

रात्रीचे दोन. कुडाळजवळच्या एका गावातली जत्रा. देवळासमोर दशावतार रंगात आलेला. अचानक धुराचा लोट, लाल-निळे लाइट्स आणि त्यातून उभा राहिलेला अजस्र राक्षस! ट्रिकसीन! पोरांच्या शिट्ट्या, वर गेलेले मोबाइल. शेजारी बसलेल्या मामांनी मात्र तोंड वाकडं केलं. ''ह्यो खयचो दशावतार? सगळो सिनेमा झालो!''

मी हसले आणि लगेच चपापले. कॉलेजात असताना हेच वाक्य मी डेफ लेपर्डबद्दल शंभरदा म्हटलं होतं.

आठवतायत ना? इंग्लंडच्या शेफिल्डमधला बँड. लांब केस, फाटक्या जीन्स. लोक त्यांना ग्लॅम मेटलमध्ये टाकतात. त्यांना स्वतःला तो शिक्का आवडत नाही. १९८०चा पहिला अल्बम अगदी रांगडा होता. मग प्रोड्युसर 'मट' लँग आला आणि १९८३च्या 'पायरोमेनिया'पर्यंत आवाज चांगलाच घासूनपुसून चकचकीत झाला. १९८७च्या 'हिस्टेरिया'त तर कळस! लँगला मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'सारखा, प्रत्येक गाणं हिट होईल असा अल्बम हवा होता. आवाजांचे थरावर थर, कुणालाही गुणगुणता येतील असे कोरस आणि मशीनमधून आल्यासारखे ड्रम्स. बारापैकी सात गाणी सिंगल म्हणून निघाली, जगभरात दोन कोटींवर कॉपीज खपल्या. आमच्या हॉस्टेलच्या कट्ट्यावर निकाल लागला, 'विकले गेले!'

त्या निकालात आम्ही एक माणूस विसरलो होतो. ड्रमर रिक ॲलन. ३१ डिसेंबर १९८४ला कार अपघातात त्याचा डावा हात गेला. बँडने त्याला काढलं नाही. त्याच्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक ड्रम किट बनलं. डाव्या हाताचं काम डाव्या पायाखालच्या पेडल्सवर आलं. ऑगस्ट १९८६मध्ये डॉनिंग्टनच्या फेस्टिव्हलमध्ये तो हजारो लोकांसमोर वाजवत होता. ज्या 'प्लॅस्टिक' आवाजाला आम्ही नावं ठेवली, त्याच जातीच्या तंत्रामुळे एक ड्रमर ड्रमर राहिला होता.

इकडे राक्षस मेला, धूर विरला. पेटी, मृदंग आणि झांज तेवढी उरली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचायला हवेत. राणी झालेला पुरुष नट पदर सावरत पुढे आला आणि नवऱ्याला असं काही बोलला, की मामांनी हळूच डोळे पुसले. मघाची शिट्टीवाली पोरंही मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. ती आली होती राक्षसासाठी. थांबली राणीसाठी.

खरं सांगू? घरभाडं भरायला मीही फ्लॅटच्या जाहिरातींची कॉपी लिहिते. तुम्हीही ऑफिसात बॉसला आवडेल अशी पीपीटी करत असालच. चकचकीत करणं हा काही गुन्हा नाही. धूर विरल्यावर आपल्याकडे बोलायला काही उरतं का, एवढंच अधूनमधून तपासायला हवं.

पहाटे घरी जाताना मामांना विचारलं, ''मग, कसं वाटलं?''

''राक्षस सोडलो तर बाकी बरा झाला.'' चार पावलं गप्प. मग म्हणाले, ''उद्या शेजारच्या गावात आसा. येतलंस मा?''