दुसऱ्याचं दिसणं कसं मोजायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘प्रयोगातल्या उंदराला दिसतंय की नाही, हे कळतं कसं? तो काही तक्ता वाचून दाखवत नाही.’ प्रश्न साधा वाटतो, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो सोडवत नाही. आजचा वेळ त्यालाच देऊ.

अमेरिकेत १९६८ साली ‘नॅशनल आय इन्स्टिट्यूट’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. दृष्टीवर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांना ती सामायिक सुविधांसाठीही अनुदान देते. यंत्रं महाग, आणि एका प्रयोगशाळेला ती रोज लागत नाहीत. म्हणून सगळ्यांत मिळून एक खोली आणि ती चालवणारा एक तरबेज माणूस. पैसा वाचतो, हे खरंच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते निराळं. तिथे डोळ्याची प्रतिमा घेणं आणि दृष्टीची परीक्षा करणं, ही दोन्ही कामं शेजारी-शेजारी होतात.

प्रतिमेसाठी मुख्यतः ओसीटी. या तंत्राचा पहिला शोधनिबंध १९९१चा. प्रकाशाच्या साह्याने, डोळ्याला चिरफाड न करता, दृष्टिपटलाचे थर दिसतात. पूर्वी त्यासाठी उंदीर मारून काप घ्यावे लागत. आता तोच उंदीर पुढच्या महिन्यात पुन्हा तपासता येतो.

मग ईआरजी. उंदराला रात्रभर अंधारात ठेवायचं, मंद लाल उजेडात तयारी करायची, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इलेक्ट्रोड टेकवायचा आणि प्रकाशाचा झोत टाकायचा. दृष्टिपटलातल्या पेशींचा विद्युत-प्रतिसाद आलेखावर उमटतो. तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडते. उंदराला छोट्या चौथऱ्यावर ठेवतात आणि भोवती पट्टे फिरवतात. पट्टे दिसले, तर मान त्यांच्यामागे वळते. पट्टे बारीक करत न्यायचे. मान थांबली, तिथे त्याच्या नजरेची मर्यादा.

आता तुम्ही म्हणाल, एकच परीक्षा पुरे की! नाही पुरत. दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणारी नस तुटली, तरी झोताचा ईआरजी जवळपास नेहमीसारखाच येऊ शकतो. दृष्टिपटल उत्तर देतंय, पण त्या डोळ्याने उंदीर आंधळाच! दुसऱ्याचं दिसणं आपल्याला कधीच प्रत्यक्ष होत नाही, त्याचं अनुमानच करावं लागतं. आणि अनुमान कुठे फसतं, याचा विचार आपल्या नैयायिकांनी बारकाईने केला आहे. धूर आहे म्हणून अग्नी, हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या इंधनामुळे. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात.

असं ओलं इंधन नेत्रसंशोधनात खरोखरच सापडलं. ‘सी५७बीएल/६एन’ ही उंदरांची जात पुरवठादारांकडून सर्रास विकत घेतली जाते. २०१२ साली नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की या जातीत ‘आरडी८’ नावाचा जनुकीय दोष मुळातच आहे. त्याने दृष्टिपटलावर फिकट ठिपके पडतात. जनुक बंद केलेले उंदीर तयार करण्यासाठी याच जातीच्या मूलपेशीही वापरात होत्या. म्हणजे बघा, तुम्ही एखादं जनुक बंद केलंत, प्रतिमेत ठिपके दिसले, ‘याच जनुकामुळे आजार होतो’ असा निबंध लिहिलात. ठिपके खरे, प्रतिमा खरी. कारण मात्र दुसरंच. मग त्या जनुकावर औषध शोधण्यात किती वर्षं घालवायची? आणि वाट बघणाऱ्या रुग्णाने कशाची वाट बघायची?

अशा वेळी सामायिक खोलीचा उपयोग कळतो. एकाच प्रयोगशाळेत बसलेल्याला ते ठिपके आपल्या जनुकाचेच वाटणार. पण चार प्रयोगशाळांचे उंदीर ज्याच्या यंत्राखालून जातात, तो यंत्र चालवणारा म्हणू शकतो, ‘अहो, हेच ठिपके मी परवा दुसऱ्यांच्या उंदरात पाहिले. त्यांचं जनुक तर वेगळंच आहे.’ त्यानंतर करायचं काम तसं किरकोळ: उंदराच्या शेपटीचा बारीकसा तुकडा घ्यायचा आणि आरडी८ची जनुकचाचणी करायची. प्रयोग सुरू होण्याआधी.