विश्लेषण : जव्हार-मोखाड्यात विषारी रसायने ठेवायची कुठे? लोखंडी कपाट प्रत्येक वेळी का चालत नाही?

पावसाळा तोंडावर आला, की जव्हार आणि मोखाड्यात भाताच्या बियाण्याबरोबर तणनाशकाच्या आणि कीटकनाशकाच्या बाटल्याही पाड्यांवर पोहोचतात. त्याच सुमारास ग्रामपंचायतींना विहिरींच्या शुद्धीकरणासाठी टीसीएल पावडर लागते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आम्ले आणि स्पिरिट असते. हे सारे सुरक्षित ठेवायला कोणते कपाट घ्यावे?

पिवळे कपाट कशासाठी?

मोबाइलवर शोधले तर जाड पत्र्याची पिवळी कपाटे दिसतात. ती मुख्यतः ज्वालाग्राही द्रवांसाठी असतात. दुहेरी पत्रा, आपोआप बंद होणारे दार आणि सांडलेला द्रव अडवणारा खोलगट तळ ही त्यांची ओळख. आग लागल्यावर आतील द्रव किती वेळ पेटणार नाही, यावर त्यांची प्रतवारी ठरते. युरोपच्या ‘ईएन 14470-1’ या मानकात 15, 30, 60 आणि 90 मिनिटांचे प्रकार आहेत. पालघर जिल्ह्यातच तारापूरच्या कारखान्यांत त्यांची गरज आहे. महाविद्यालयात स्पिरिट, अ‍ॅसिटोनचा साठा मोठा असेल तर तिथेही. मात्र त्याच कपाटात नायट्रिक आम्ल ठेवले तर एवढ्या खर्चाचा उपयोग शून्य. हे आम्ल स्पिरिटशी मिसळले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांनी तर बिजागऱ्याच गंजतात. आम्ले प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, डोळ्यांच्या पातळीखाली, वेगळी ठेवावी लागतात.

टीसीएल पावडरीचे काय?

इथे लोखंडी कपाटाची निवडच चुकते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. दमट हवेत तिच्यातून क्लोरीन निघत राहतो, पत्रा गंजतो आणि पावडरीची ताकदही उतरते. जव्हार-मोखाड्याच्या पावसात फाटकी गोणी महिनाभर पडून राहिली, तर विहिरीत टाकलेल्या पावडरीने पाणी शुद्ध होईलच याची खात्री नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पिंप, जमिनीपासून उंच फळीवर, हवेशीर कोरड्या खोलीत, एवढे पुरते. शेजारी शौचालय धुण्याचे अ‍ॅसिड मात्र नको; दोन्ही मिसळल्यास क्लोरीन वायू एकदम बाहेर पडतो. ग्रामपंचायतीत साफसफाईचे सामान आणि टीसीएल एकाच कोपऱ्यात असेल, तर दुरुस्ती तिथून सुरू करावी.

घरात काय करावे?

शेतातल्या विषाला मराठीत सर्रास ‘औषध’ म्हणतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुडाच्या घरात बाटली वाशाला टांगलेली असते किंवा धान्याच्या कणगीमागे सरकवलेली असते. विक्रेत्यांसाठी कीटकनाशके नियम, 1971 स्पष्ट आहेत : साठा वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद वेगळ्या कपाटात, जागा कोरडी आणि हवेशीर. घरी तेच तत्त्व छोट्या प्रमाणात पाळता येते. झाकणाची, कडी-कोयंड्याची मजबूत पेटी चूल, पाणी आणि धान्यापासून लांब, शक्यतो राहत्या खोलीबाहेर पडवीत, पण पाऊस-उन्हाच्या आड ठेवावी. आत खाली प्लास्टिकचा ट्रे, त्यात द्रव बाटल्या. भुकटी वरच्या बाजूला, म्हणजे द्रव सांडला तरी ती भिजत नाही. तणनाशक आणि कीटकनाशक वेगळे. बियाणे त्यात नाहीच.

बाटलीवरचा चौकोनही पाहावा. त्यातील लाल रंग म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात कुठल्याच पेटीत नकोत. ओलावा लागताच त्यातून प्राणघातक फॉस्फिन वायू निघतो. सामान्य ग्राहकाला त्या विकण्यावर बंधनेही आहेत.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा शेतमजुरीला बाहेर पडतात. घरी म्हातारी माणसे आणि मुले राहतात. उरलेले अर्धे औषध त्याआधीच मार्गी लावलेले बरे. त्याहून बरे, लागेल तेवढेच लहान पॅक घेणे.

कुलूप किती कामाचे?

लहान मुलांचा हात पोहोचू नये यासाठी ते हवेच. पण त्यावर फार भरवसा नको. श्रीलंकेत 180 गावांतील 53 हजारांहून अधिक घरांचा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्या गावांत कुलूपबंद पेट्या दिल्या होत्या. तरीही कीटकनाशक घेऊन जीव देण्याचे प्रयत्न घटल्याचे दिसले नाही. याउलट सर्वांत जहाल कीटकनाशकांवर त्या देशाने 1995 पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या काळात आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घसरले. म्हणजे पेटीत काय ठेवतो, हा प्रश्न पेटीपेक्षा मोठा आहे.

रिकाम्या कॅनचे काय?

उन्हाळ्यात मोखाड्यात टँकर येतो, तेव्हा प्रत्येक कॅनला किंमत असते. तिथेच खरा धोका आहे. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली; स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले होते. कॅन कितीही धुतला तरी पाण्यासाठी वापरू नये. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि कॅनला भोके पाडावीत.

विषबाधा झालीच तर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठताना बाटली किंवा तिच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत न्यावा. औषध दारूच्या वा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवले असेल, तर डॉक्टरांना केवळ लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो.